शकुंतलाने रंगवलेली घुबडं

मेलेल्या बायकांच्या लुगड्यांचे रंग सानगडीत दोघांनाच ठाऊक असत. एक, त्यांच्या घरच्यांना. दुसरं, शकुंतलाला.

तिचा नवरा जागेश्वर लांजेवार याचा 'उदय फोटो स्टुडिओ' बाजाराच्या वाटेवर होता. पुढच्या खोलीत कारंजाचं चित्र काढलेला पडदा, दोन दिवे आणि एक खुर्ची. मागच्या खोलीत खिडकीला लागून शकुंतलाचं मेज. त्या काळी फोटो काळेपांढरेच निघत. ज्यांना हौस असे ते रंगवून मागत आणि ते काम तिचं. लग्न होऊन आली तेव्हा जागेश्वरनेच तिला शिकवलं. रंगाच्या कागदी पट्ट्यांची एक लहानशी पुस्तिका येई. पट्टीचा तुकडा बशीतल्या पाण्यात टाकला की रंग धुरासारखा सुटायचा. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो रंग गालावर, ओठांवर, काठापदरावर इतका हलका उतरवायचा की फोटोला नुसती जाग आल्यासारखं वाटावं. वर्षभरात तिचा हात असा बसला की जागेश्वरने काडी खाली ठेवली ती कायमची.

तिचा एक हट्ट होता. खोटा रंग लावायचा नाही. कोणी मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलं तरी ती आधी विचारून घ्यायची.

एकदा भय्याजी नावाचा शेतकरी आपल्या आईचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "लावा जी कोणताबी. आता माय थोडीच पाहाले येऊन राहिली!"

"माय नाही येणार, पण तुम्ही तं रोज पाहाल ना," शकुंतला म्हणाली. "लुगडं कोणतं होतं?"

भय्याजी टोपी काढून बसला. मग म्हणाला, "हिरवं होतं. पऱ्ह्यासारखं. रोवणीच्या आधी पऱ्हे असतात ना जी, तसं." आणि टोपीने तोंड पुसू लागला. शकुंतलाने त्याला पाणी दिलं, आणि भाताच्या कोवळ्या रोपांचा तो हिरवा नेमका सापडेपर्यंत बशीतलं पाणी किती वेळा फेकलं कोण जाणे.

तिला स्वप्नंसुद्धा काळीपांढरी पडत. पहाटे जाग येता येता त्यांना कडेने रंग चढू लागे, ओल्या कागदावर चढतो तसा. डोळे उघडायच्या आत एखाद्या भिंतीला निळा, एखाद्या गायीला तांबूस. उरलेलं मग दिवसा धुंडावं लागे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे असं तिला वाटे.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत बायजाबाई स्टुडिओत आली. ही ढिवराची म्हातारी, गावाबाहेरच्या बोडीवर राहायची. बोडी म्हणजे शेतांच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं लहान तळं. बायजाबाई त्यातले मासे आणि शिंगाडे बाजारात विकायची. उरलेली मासळी शकुंतलाच्या मेजाखाली ठेवत ती म्हणाली, "काय वं, दिवसभर मेलेली माणसं पाहातं. एखांद्या दिवशी जिवंत काही पाहाले येतं का माया बोडीवर?"

"काय आहे मावशी तिथं?"

"म्हातारा-म्हातारी हायेत. आंब्याच्या ढोलीत. मासे धरतेत मायासारखे. पर सांगत नोको फिरू, बापा. लोक बरे नाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवरा-बायको सायकलवर गेली. पुढच्या दांडीला कॅमेरा, मागे शकुंतला. धुकं इतकं दाट होतं की पाळ दिसायच्या आधी पाण्याचा वास आला. मग पाळ, मग आंब्याचं बूड, मग हळूहळू वरचा घेर, जसा ताटलीतल्या औषधात फोटो उमटत जातो तसा. आणि त्या घेरात, फांदीला फांदी चिकटलेली असावी तसं एक मोठं घुबड बसलेलं. डोक्यावर पिसांची दोन शिंगं. त्याने डोळे उघडले. पिवळे नव्हते, त्यात थोडा मध होता, थोडा दिवा. त्याने शकुंतलाकडे पाहिलं आणि ती धुक्याचीच एक गाठ असावी अशा बेफिकिरीने परत मिटून घेतले. ढोलीतून दुसरं डोकं दिसत होतं. ती म्हातारी.

"श्वास घे," जागेश्वर पुटपुटला. तिने श्वास धरून ठेवला होता.

त्याने फोटो काढला तो विचार करून. पाणी नाही, पाळ नाही, शेत नाही. नुसती ढोली, तिच्याखालचा खोडाचा तुकडा आणि पक्षी. कागदावर उमटला तेव्हा बायजाबाईला दाखवला. ती डोळ्यांजवळ धरून, लांब धरून म्हणाली, "म्हातारा व्हय हा. पर हा आंबा कोन्ता वं?" जागेश्वर खुशीत हसला. जिच्या दारातलं झाड तिला ओळखू आलं नाही, तर बाकीच्यांची काय कथा!

मग तो फोटो रंगायला शकुंतलाच्या मेजावर आला.

ती एकटीच परत बोडीवर गेली, चालत, रंग पाहायला. पिसांचा तपकिरी एक नव्हता. वाळल्या मोहाच्या पानाचा होता, ओल्या मातीचा होता, आणि पोटाकडे कोणी चहा सांडून पुसल्यासारखा. ते सगळं तिने मनात साठवलं. खोडाकडेही पाहिलं. बोडीखालच्या शेतांत रोवणी आटोपली की बाया त्या आंब्याला तेलात कालवलेल्या हळदीचा पट्टा ओढत. बोडीचं पाणी त्याच्या मुळांनी धरून ठेवलंय, अशी समजूत. दूरच्या शेतांत जाणाऱ्या बायासुद्धा वाकडी वाट करून हात लावून जात. थंडीपर्यंत तो पट्टा उडून फिका होई. फोटोत तर तो शेवाळाच्या डागासारखा करडा आला होता. शकुंतलाने काडी पिवळ्यात बुडवली, जवळजवळ सगळं पाणीच उरेल इतकी फिकी केली आणि खोडावरून एकदाच फिरवली. हात उचलला तेव्हा तिला फार समाधान वाटलं. आता खोड खरं झालं, असं वाटलं.

फोटो दर्शनी काचेत लागला. वाटेवरून जाणारी माणसं थबकू लागली.

"कुठलं जी हे घुबड?"

"जंगलातलं," जागेश्वर सांगे. "लांबचं."

समोर पानठेला होता, गुलाबचा. गुलाब गडी हजरजबाबी, आवाजही मोठा. तो एके दिवशी चुना लावता लावता वाट ओलांडून आला, काचेला नाक लावलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "अबे, लांबचं कायचं जंगल! हा तं हळद्या आंबा! ते पाहा ना हळद! जागेश्वरभाऊ, आमाले येडं समजता का जी?"

लोक हसले. जागेश्वरही हसला, पण त्याने मागे वळून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. शकुंतला दारातच उभी होती, हातात काडी.

त्यानंतर बोडीवर माणसं जाऊ लागली. वाईट कोणी नव्हतं. घुबडाला ढेकूळ मारलं तर ते ढेकूळ नेऊन पाण्यात टाकतं आणि ते विरघळतं तसा मारणारा झिजत जातो, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे दगड कोणी उचलला नाही. पण त्याने डोळे उघडावेत म्हणून लोक टाळ्या वाजवत. लक्ष्मीचं वाहन म्हणून कोणी नारळ फोडी, कोणी अपशकुन म्हणून थुंकून परत फिरे. पोरंबाळं, शिदोऱ्या. म्हातारा-म्हातारी दिवसेंदिवस पाण्यावर उतरेनाशी झाली. शकुंतलाने फोटो काचेतून काढून घेतला, पण झाड काही काढून ठेवता येत नव्हतं.

पुढच्या दिवाळीच्या आधी, जादूटोण्यासाठी घुबडांना गिऱ्हाईक मिळतं त्या दिवसांत, दोन परकी माणसं गावात दिसली. स्टुडिओत आली नाहीत. गुलाबकडे पान खाल्लं, हळद्या आंबा कुठे म्हणून विचारलं आणि त्याने हात लांब करून दाखवला. पाहायला येणारी माणसं रोजच विचारत होती.

दिवाळीनंतरच्या बाजाराला बायजाबाई आली ती रिकाम्या हाताने. तिने पदराखालून बांबूची एक काडी काढली आणि शकुंतलाच्या मेजावर ठेवली. काडीला पाखरं चिकटवून धरायचा वडाच्या चिकाचा लगदा होता आणि त्यात दोन पिसं अडकलेली. वाळल्या मोहाच्या पानाचा तपकिरी.

"म्हातारी गेली," ती म्हणाली. "म्हातारा दोन-चार दिवस बसला. मग तोबी गेला. मी नव्हता वं ओळखला माया आंबा. तुया हळदीनं ओळखू आला."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती बशीतल्या रंगाकडे बघत, कुतूहल असल्यासारखी बोलली आणि उठून गेली.

"तू काय मुद्दाम केलं का?" जागेश्वर म्हणाला.

"मुद्दामच तं केलं," शकुंतला म्हणाली. "खरं दिसावं म्हणून."

कितीतरी दिवस तिच्या पहाटेच्या स्वप्नांना कुठलाच रंग चढला नाही. ती करडीच संपत. दिवसा काम चालू होतं, शालू आणि फेटे आणि मेलेल्यांचे गाल. हात चालायचा. पण आता ती कोणाच्या घरामागचं झाड, दारातली विहीर, भिंतीवरचं गेरूचं चित्र असं काही रंगवायच्या आधी विचारी, "हे दाखवायचं आहे ना?" लोकांना नवल वाटे. "दाखवाले काय होते बाई? आमचीच विहीर आहे." मग ती रंगवी.

वर्षं गेली. रंगीत रोल आले. लग्नाचे फोटो नागपूरला धुवायला जाऊ लागले आणि आठ दिवसांनी आपोआप रंगून परत येऊ लागले. शकुंतलाकडे जुनेच फोटो येत, कडा दुमडलेले, ज्यांच्या लुगड्यांचे रंग सांगणारेही आता विसरत चाललेले. जागेश्वरची सायकल तीच होती. पाठ थोडी वाकली होती. तो कधीकधी लग्न आटोपून उगाच लांबच्या वाटेने येई आणि उशीर का झाला ते सांगत नसे.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी तो आला आणि चहापुढे नुसता बसला. चहा थंड झाला. मग म्हणाला, "आहे वं."

"काय?"

"जोडी आहे. दुसऱ्या तळ्यावर. हळद्या आंब्यावर नाही, दुसरीकडे." आणि लहान पोरासारखा म्हणाला, "मी काढू का?"

शकुंतलाने थंड झालेला चहा परत चुलीवर ठेवला. मग म्हणाली, "रंगीत रोल घालू नका. नागपूरवाले पाहातील."

त्याने जुना काळापांढरा रोल घातला. ते घुबड पहाटेच्या पाण्यावर पंख पसरून उतरतं आहे, नखं पाण्याला लागली आहेत, पाणी अजून फुटलेलं नाही, असा तो क्षण. मागे पाळ, पलीकडे देवळाचा कळस, ताडांची रांग. हे घुबड कोणी हुकमाने उडवलं नव्हतं. जागेश्वर पाच-सहा पहाटा चिखलात बसला होता. आयुष्यात असा फोटो त्याच्या हातून दुसरा निघाला नव्हता, आणि निघणार नाही हे दोघांनाही कळत होतं.

फोटो मागच्या खोलीत दोरीवर वाळत होता, त्याच दिवशी मधुकरराव आले. हे नागपूरच्या एका छापखान्याचे. दरवर्षी गावोगावच्या दुकानदारांकडून कॅलेंडरच्या मागण्या घेत फिरायचे आणि चहाला स्टुडिओत टेकायचे. भला माणूस. त्यांनी फोटो पाहिला आणि कपबशी खाली ठेवली.

"लांजेवार, हे तुम्ही काढलं?"

"हो जी."

"मला द्या. पुढच्या कॅलेंडरवर घालतो. वहिनींनी रंगवून द्यावा. खाली छापतो, छायाचित्रकार जागेश्वर लांजेवार, सानगडी. सगळ्या विदर्भात जाईल."

शकुंतलाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. इतका उघडा आनंद पाहू नये असं तिला वाटलं.

"आणि जागा कुठली ही?" मधुकरराव उत्साहात होते. "माझे दोघं-तिघं मित्र आहेत, पक्ष्यांचे मोठे शौकीन. गाडी काढून येतील. ते काय त्याला खाणार थोडेच आहेत!"

"ते नाही खाणार जी," शकुंतला म्हणाली. "ते घरी जाऊन सांगतील."

मधुकररावांना ते काही कळलं नाही. पुढच्या फेरीला घेऊन जातो, म्हणून ते गेले.

संध्याकाळी दिवा लावता लावता जागेश्वर म्हणाला, "जागा नाही सांगत मी. मरेपर्यंत नाही सांगत. नाव तं टाकू दे."

"तुमचं नाव म्हणजेच जागा आहे," ती म्हणाली. "तुमची सायकल जिथवर जाते तिथवरचाच तुमचा फोटो. सानगडीची तळी किती आहेत? गुलाब एका बैठकीत सांगून देईल."

"म्हणजे नाव नको?"

तिने मेजावरच्या बशीतलं पाणी बदललं.

"लोकांच्या मांडवात उपाशी उभा राहिलो जन्मभर," त्याचा आवाज चढला. "'ओ फोटोवाले, सरका, ओ फोटोवाले, या.' नाव आहे हे कोणाले माहीत आहे का? एका फोटोखाली नको?"

त्याचं खरं होतं. तिने नुसता फोटो दोरीवरून काढला आणि मेजावर ठेवला.

"रंगव तू," तो शेवटी म्हणाला. "मग पाहू."

पक्षी तिने खरा रंगवला. त्यात काही बदल करणं तिला जमलंच नसतं. मग काडी कळसापाशी आली आणि थांबली. कळसाचा रंग तिला माहीत होता. ताडांचा माहीत होता, पाळीवरच्या मुरमाचा माहीत होता. तिने डोळे मिटले. पहाटे डोळे उघडायच्या आत जे कडेकडेने चढायचं, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा भर दिवसा चढू लागलं. तिने ब्लेडने कळस हळूच खरवडून काढला आणि त्यावर डोंगर चढवले, जांभळे, एकामागे एक, जसे त्या मुलखात कुठेही नाहीत. ताडांच्या रांगेवर धुकं ओढलं. पाळ नदीच्या वाळूत विरून गेली. पाण्यात गुलाबी टाकला, मग त्या गुलाबीत थोडा धूर. हात आधी जड होता, जणू चोरी करतोय. मग तो हलका झाला. तिला वाटलं आपण कुठल्यातरी गावी पोचलो आहोत. तिथे कोणी विचारत नाही, कुठून आलात.

जागेश्वर मागे येऊन उभा राहिला. खूप वेळ पाहत राहिला.

"हे कुठलं वं?"

"मले काय माहीत," ती म्हणाली. "मीबी गेली नाही तिथं कधी."

"कळस कुठं गेला?"

"नाही तिथं कळस."

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसला. त्याने फोटो हातात घेतला, दिव्याकडे केला, पालथा केला. मागे स्टुडिओचा शिक्का त्याने सकाळीच मारून ठेवला होता, जरा जास्तच जोराने. तो शिक्क्याकडे पाहत राहिला. मग त्याने तिच्या हातातलं ब्लेड घेतलं आणि निगेटिव्हवरचा डाग काढावा तसं, कागद न फाडता, एकेक अक्षर खरवडायला लागला. शकुंतलाने त्याला दिवा जवळ करून दिला.

मधुकरराव आले तेव्हा जागेश्वर म्हणाला, "घेऊन जा जी. नाव मात्र टाकू नका. कुठला ते माहीत नाही म्हणा."

"अहो, वेडे आहात का? तुम्हीच तर..."

"मी नवरा-नवरीचे फोटो काढतो," जागेश्वर म्हणाला. "हे डोंगर आमच्याकडे कुठले?"

मधुकररावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग डोंगरांकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. नाही टाकत." मित्रांचा विषयही त्यांनी परत काढला नाही.

नव्या वर्षी कॅलेंडर आलं. किराण्याच्या दुकानात लागलं, गिरणीत लागलं, गुलाबच्या पानठेल्यावर तर आरशाच्या वर लागलं. जागेश्वर आणि शकुंतला एका लग्नाला निघाली होती, तर गुलाबने हाक मारून थांबवलं.

"ओ जागेश्वरभाऊ! हे पाहा. याले म्हणतेत फोटो! काश्मीरचा असन हा, नाई तं परदेशातला. तुमी आपले 'हसा जी, हसा जी' करत राहा मांडवात."

"छान आहे," जागेश्वर म्हणाला.

"छान? अबे, नुसतं छान म्हणून राहिले! कोणी काढला असन सांगा बरं?"

"मोठा माणूस असन कोणी."

"तं! सायकलवाला थोडीच असन!" गुलाब आपल्याच बोलण्यावर खदाखदा हसला आणि त्याच्या हातावर पान ठेवलं. "घ्या. रागावू नका, भाऊ."

जागेश्वरने पान तोंडात टाकलं. शकुंतला मागच्या कॅरिअरवर बसली. सायकल हलली. त्याची पाठ तिच्यापुढे होती, आणि पाठीवरून काही कळत नव्हतं. गाव मागे पडलं. तिच्या मनात आलं, आपण याच्याकडून फार मोठं काही काढून घेतलं आणि ते परत देता येण्यासारखं नाही.

वाट तळ्याच्या बाजूने वळत होती. पाठीमागे धानाची गाडी येत होती, गाडीवाला गाणं म्हणत होता. जागेश्वरने सायकल हळू केली नाही. मान वर केली नाही. फक्त पान गालात सरकवून हळूच विचारलं, "आहे का वं?"

शकुंतलाने पदर सारखा करण्याचं निमित्त करून पाहिलं. घनदाट पानांच्या आत, फांदीला फांदी चिकटलेली असावी तशी दोन आणि त्यांच्यामध्ये करड्या कापसाचा एक गोळा. तिने नजर परत वाटेवर आणली.

"आहे. पिल्लूबी आहे."

मागची गाडी जवळ आली होती. जागेश्वरची पाठ एकदा हलली. तो हसला की काय ते तिला दिसलं नाही. वळण सरून तळं झाडांआड गेलं तेव्हा तो म्हणाला, "डोंगरांले जांभळा जरा जास्तच झाला पर."

"झाला थोडा," ती म्हणाली.